परमुलखात आसरा मागायचा म्हणजे काय?



या खेपेला आंबिया बहाराच्या ताणाविषयी लिहायचे ठरवले होते. पण मध्येच एक पत्र आले आणि ते बाजूला सारता येईना. संत्रा बागाईतदारांनी राग मानू नये. ताणाचा विषय पुढच्या अंकात सविस्तर घेऊ.

पत्र आपल्या कारंजा तालुक्यातल्याच एका बाईंचे आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती. मुलगा चोवीस वर्षांचा, बी. ए. झालेला, दोन वर्षे भरतीच्या परीक्षा देऊन थकलेला. नागपूरच्या कुणा एजंटाची गाठ पडली. तो म्हणतो, पोराला अमेरिकेत पोचवून देतो. पंचेचाळीस लाख लागतील, अर्धे आधी. सीमा ओलांडली की तिथल्या पोलिसापुढे हात वर करायचे आणि म्हणायचे की मायदेशी माझ्या जिवाला धोका आहे, मला आसरा द्या. मग चार दिवस आत ठेवतात, सोडतात, केस वर्षानुवर्षे चालते, तोवर पोराने कमवावे. त्यासाठी कॅनॉलखालचे चार एकर ओलिताचे वावर विकायचे घरात चालले आहे. बाई पुढे लिहितात, "भाऊ, हे आसरा देनं काय असते? तिकडचं सरकार खरंच देते का? अन् आमच्या पोराच्या जिवाले तर इथं कोनाचा काही धोका नाही."

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात निम्मे उत्तर आले आहे. पण विषय मोठा आहे, आणि अशी बोलणी आता तुमच्या एकट्याच्या घरात चाललेली नाहीत. म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. कृषी खात्याच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कुणी म्हणेल. अहो, चार एकर ओलीत जायला निघाले आहे, मग हा विषय माझा नाही तर कुणाचा?

आधी आसरा म्हणजे काय ते समजून घेऊ. समजा, रात्री दोन वाजता तुमचे दार कुणी धडाधडा वाजवतो. मागे मारेकरी लागलेत, आत घ्या म्हणतो. तुम्ही दार उघडता, माणूस आत घेता, पाणी देता. तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे सकाळी विचारता. आता दुसरा माणूस. तो दिवसाढवळ्या येतो आणि म्हणतो, आमच्याकडे काम नाही, मला सालदार ठेवा. त्याला ठेवायचे की नाही ही तुमची खुशी. गरज असेल तर ठेवाल, नसेल तर पुढे पाठवाल. दोघेही गरजवंत, पण दोघांचा हक्क सारखा नाही. जगातले आसऱ्याचे कायदे पहिल्या माणसासाठी आहेत. दुसऱ्या माणसासाठी कामाचा व्हिसा असतो आणि त्याची वाट निराळी.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ साली, निर्वासितांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६७ मध्ये त्याला एक पुरवणी जोडली गेली. त्या कराराने निर्वासित कोण हे ठरवून टाकले. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट समाजगटातला असणे किंवा राजकीय मत, या पाच कारणांपैकी एखाद्या कारणासाठी ज्याचा छळ होईल अशी साधार भीती आहे, आणि ज्याला त्याचे स्वतःचे सरकार वाचवू शकत नाही किंवा वाचवायला तयार नाही, तो निर्वासित. अशा माणसाला जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत ढकलायचे नाही, हा त्या कराराचा कणा.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात नापिकी नाही. बोंडअळी नाही, सोसायटीचे कर्ज नाही, कापसाचा पडलेला भाव नाही, बेकारी नाही. आपल्या विदर्भात किती घरांनी काय सोसले आहे ते मी पंचनाम्याच्या वह्या घेऊन या डोळ्यांनी पाहिले आहे, ते दुःख कुणापेक्षा लहान नाही. तरीपण आसऱ्याच्या कायद्याच्या वहीत त्याला रकाना नाही. तो असावा की नसावा यावर विद्वान लोक भांडतात, भांडोत बापडे. आज तो नाही, आणि वावर आज विकले जाणार आहे.

आता कुणी म्हणेल की आसरा, निर्वासित या सगळ्या साहेबाच्या देशातल्या गोष्टी. तसे नाही. आपल्या महाराष्ट्राने आसरा दिलाही आहे आणि आसऱ्याने जगणाऱ्यांचे हालही पाहिले आहेत.

कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया या दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. रशियाने आपल्या वाट्याच्या मुलखातली घरेच्या घरे मालगाड्यांत घालून सैबेरियाकडे नेली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला तेव्हा या लोकांना सुटका मिळाली, आणि त्यातले काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन पोचले. काही पोरक्या मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवले, आणि सर्वांत मोठी वस्ती झाली ती आपल्या वळिवड्याला. ओळीने बराकी बांधल्या, शाळा झाली, चर्च झाले, दुकाने झाली. खर्चाची जबाबदारी लंडनमध्ये बसलेल्या त्यांच्या परागंदा सरकारने घेतली होती.

आणि मग १९४५ मध्ये लढाई संपली. तुम्हाला वाटेल, आता आनंदीआनंद, सगळे घरी गेले असतील. उलट खरा पेच तेव्हाच पडला. पोलंडमध्ये रशियाच्या कलाने चालणारे सरकार आले, त्याला इंग्रजांनी मान्यता दिली आणि लंडनमधले जुने सरकार कागदावरचे झाले. ज्यांची गावे पूर्वेकडे होती ती गावे तर पोलंडमध्येच राहिली नाहीत, सीमाच सरकली. परत जावे तर ज्यांनी सैबेरियाला नेले त्यांच्याच हाताखाली, आणि राहावे तर इंग्रज स्वतःच हिंदुस्थानातून निघालेले. शेवटी काही पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे जगभर पांगले. कोल्हापूरला महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. पाच वर्षे दिलेली भाकर ऐंशी वर्षे लक्षात ठेवली त्यांनी.

पण मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंधमधून आलेले आपले सिंधी बांधव राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच, तिथली कापडाची बाजारपेठ दूरवर माहीत आहे. जागा तीच, बराकी त्याच. दोघेही घरदार सोडून, जीव मुठीत धरून आलेले. मग फरक कुठे पडला? कागदात. पोलिश माणूस परदेशी होता, त्याचा आसरा पाहुण्याचा. सिंधी माणसाला घटनेच्या सहाव्या कलमाने इथला नागरिक ठरवले, आणि १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा मांडून भरपाई मागायची सोय दिली. ज्याच्या ट्रंकेत कागद होते त्याचा दावा उभा राहिला. ज्याने घाईत दागिने उचलले आणि कागद घरीच राहिले, त्याला अडचण पडली. सातबाऱ्याची नक्कल जपून ठेवा असे मी सभेत ओरडून सांगतो तेव्हा काही मंडळी हसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या विदर्भात या. थंडी पडली की नागपूरला स्वेटर विकणाऱ्या तिबेटी लोकांची दुकाने लागतात, तुमच्यापैकी पुष्कळांनी तिथून मुलांची स्वेटरे घेतली असतील. ठसठशीत चेहरे, मऊ बोलणे, भाव ठरलेला. ही माणसे दर हिवाळ्याला कुठून येतात असे कधी वाटले का? त्यातली काही आपल्या शेजारचीच आहेत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावच्या इटियाडोह धरणाच्या परिसरात तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता.

यांची हकीकत अशी. मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी सैन्याविरुद्ध उठाव झाला आणि दलाई लामा रात्रीच्या अंधारात निघून ३१ मार्चला आपल्या हद्दीत आले. ३ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत सांगितले की त्यांना आसरा दिला आहे. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ऐंशी हजार लोक हिमालय ओलांडून आले. सुरुवातीला पुष्कळांना डोंगरातले रस्ते फोडायच्या कामावर लावले. मग केंद्र सरकारने राज्यांना विचारले की जमीन कोण देतो. म्हैसूरने आधी दिली, मग इतरांनीही दिली, आणि महाराष्ट्राने भंडाऱ्याला दिली.

याक आणि मेंढ्या पाळणारी, जवाचे सत्तू खाणारी, थंड पठारावरची ही माणसे. त्यांना मिळाला झाडीपट्टीतला मे महिना आणि धानाची बांधी. चिखलणी काय, परे काय, रोवणी काय, त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिले नव्हते. ते शिकले. शेतीवर भागत नाही हे आपल्यासारखेच त्यांनाही लवकर कळले, म्हणून हिवाळ्यात स्वेटरचा धंदा धरला. लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलायचा, शहराशहरांत जाऊन विकायचा आणि हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. आपण कृषी केंद्रातून बियाणे-खते उचलतो आणि कापूस निघाला की फेडतो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की थंडी पडली नाही तर त्यांचे पीक बुडते.

मी एकदा स्वेटर घेता घेता एका पोक्त बाईंना सहज विचारले की तुम्ही कुठल्या. त्या म्हणाल्या, "गोठणगाव के." मी म्हटले, मग तुम्ही आमच्याच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कागज पे नहीं." मला वाटते आसऱ्याविषयी मी पुढे जे वाचले त्यात एवढे नेमके कुणी सांगितले नाही.

कागदावर नाही म्हणजे कसे, ते पाहा. आपल्या देशाने १९५१ च्या त्या करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणसाविषयीचा जो कायदा, त्याच्याच पोटात सरकारच्या आदेशांनी सगळे चालते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्यांच्या जागी नवा कायदा लागू झाला आहे. तिबेटी माणसाजवळ नोंदणीचे प्रमाणपत्र असते, ते ठराविक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टाऐवजी पिवळ्या कव्हरची ओळखवही मिळते. वसाहतीची जमीन कसायला आहे, पण ती खातेदार म्हणून माणसाच्या नावावर नाही. २०१४ मध्ये केंद्राने या लोकांसाठी पुनर्वसनाचे धोरण काढले, त्यात राज्यांनी अशा जमिनींचे वीस वर्षांचे भाडेपट्टे करून द्यावेत असे सांगितले. म्हणजे चाळीस वर्षे धान पिकवल्यावर भाडेपट्ट्याची गोष्ट निघाली.

नागरिकत्वाची वाट अगदी बंद आहे असेही नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो आपल्या कायद्याने जन्माने भारतीय, आणि हे तिबेटी आईबापांच्या मुलांनाही लागू आहे असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. पण २०१७ मध्ये सरकारने अट घातली की भारतीय पासपोर्ट हवा तर ते नोंदणीपत्र परत करा, ओळखवही परत करा आणि वसाहतीत राहू नका. आता सांगा, म्हातारे आईबाप वसाहतीत, घर वसाहतीत, देवळाची घंटा वसाहतीत, आणि पासपोर्ट बाहेर. पुष्कळांना तर नागरिकत्व घेतले की आपले तिबेटीपण संपले, परत जायचा हक्क आपणच सोडला, असेही वाटते. हे दुखणे आपल्याला पटकन उमगायचे नाही. आपले गाव आपण सोडले तरी ते जागेवर असते.

एक गोष्ट मात्र आपल्या देशाच्या बाजूने सांगायला हवी. करारावर सही नसली तरी १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जिवाचे रक्षण करणारे घटनेचे एकविसावे कलम इथे राहणाऱ्या परक्या माणसालाही लागू आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आली तेव्हा त्यांना आपण छावण्यांत ठेवले, जेवू घातले. त्यासाठी आपल्या पोस्टाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लागत असे, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. बांगलादेश झाल्यावर बहुतेक सगळे परत गेले. त्याआधीच आलेली काही बंगाली कुटुंबे चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवली, ती आज तिथली मुरलेली शेतकरी आहेत.

आता ताईंच्या मुलाकडे वळतो. एजंट सांगतो तो रस्ता, आणि प्रत्यक्षातला रस्ता.

पहिली गोष्ट, आसऱ्याचा अर्ज इथे बसून होत नाही. त्या देशाच्या जमिनीवर किंवा दारात उभे राहून मागायचा असतो. म्हणूनच एजंटाचा धंदा चालतो, त्याला फक्त दारापर्यंत पोचवायचे असते. आणि ते पोचवणे कसे? दक्षिण अमेरिकेत विमानाने उतरायचे, मग कोलंबिया आणि पनामाच्या मधले दारिएनचे जंगल पायी तुडवायचे, मग मेक्सिको. याला डंकी मारणे म्हणतात. कॅनडाकडूनही काही जण शिरतात. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे एक कुटुंब, आईबाप आणि दोन मुले, कॅनडा-अमेरिका सीमेजवळ बर्फात गोठून मेले. थंडी उणे पस्तीस अंशांच्या आसपास होती. सीमा हाकेच्या अंतरावर राहिली होती.

समजा, मुलगा पोचला. हात वर केले. आता त्याला कोठडीत ठेवतील, बोटांचे ठसे घेतील आणि अधिकारी विचारील, कशाची भीती? कोणी धमकी दिली, कधी, कुठे, पोलिसात गेलास का, पोलिसांनी काय केले, दुसऱ्या गावी का राहायला गेला नाहीस? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व लक्षात घ्या. भारत केवढा मोठा. कारंज्यात धोका असेल तर पुण्याला जा, बंगलोरला जा, असे तो अधिकारी म्हणणारच. तेच तेच प्रश्न तो फिरवून फिरवून विचारतो. आपण पंचनाम्याला गेलो की एकदा बांधावरून बघतो, एकदा मधून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, मग लिहितो. तसाच तो भीतीचा पंचनामा करतो. गारपिटीचा फोटो निघतो, भीतीचा निघत नाही, त्यामुळे माणसाच्या सांगण्यावरच सगळी मदार. ज्याच्यावर खरेच बेतले आहे तोसुद्धा घाबरून तारखा चुकतो आणि त्याचे नुकसान होते. मग एजंटाने पढवलेली गोष्ट पोपटासारखी सांगणारा किती वेळ टिकेल? त्या अधिकाऱ्याने तीच गोष्ट, त्याच शब्दांत, त्या महिन्यात दहा जणांच्या तोंडून ऐकलेली असते.

एजंट म्हणतो की केस वर्षानुवर्षे चालते. ते खरे आहे. अमेरिकेतल्या या कोर्टांत २०२४ मध्ये तीस लाखांवर प्रकरणे तुंबली होती. पण चालते म्हणजे जिंकते असे नाही. तिथे देशात आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, कामाचा परवाना लगेच मिळत नाही, आणि सरकार वकील देत नाही, तो आपल्या पैशाने करायचा. अर्जात जाणूनबुजून खोटे रचले असे ठरले तर पुढे कधीच, कुठल्याच मार्गाने, त्या देशात कायदेशीर राहता येत नाही. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या सीमेवरून असे शिरणाऱ्यांसाठी आसऱ्याची वाटच बंद करायचा हुकूम काढला. त्यावर कोर्टकज्जे झाले, पण एजंटाने हे तुम्हाला सांगितले का?

इंग्लंडची गत निराळी नाही. तिथे अर्जदाराला पहिले बारा महिने काम करता येत नाही, सरकार निवारा देते आणि हातखर्चाला थोडे पैसे. युरोपात बोटांचे ठसे सामाईक नोंदीत जातात, आणि साधारणपणे ज्या देशात पहिले पाऊल पडले त्यानेच अर्ज तपासायचा असा नियम आहे. एका देशाने नाकारले म्हणून शेजारच्या देशात नवा डाव मांडता येत नाही. त्यात भारताला सुरक्षित देश धरायची चाल पडली आहे. इंग्लंडने तसे केले, आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने जी यादी सुचवली तिच्यातही भारत आहे. त्याचा अर्थ असा की भारतीयाचा अर्ज हाती आला की हा बहुधा खरा नसणार, असे धरूनच फाईल उघडायची.

याचा मला राग येतो, आणि तो एकट्या साहेबाचा येत नाही. भारतीयांमध्येही काहींना खरा धोका असतो. आपल्या मर्जीने लग्न केले म्हणून घरचेच मारायला उठलेल्या मुलीला असतो, गुंडपुढाऱ्याविरुद्ध लिहिणाऱ्याला असतो. एजंटाच्या पढवलेल्या खोट्या गोष्टींनी त्यांच्या खऱ्या गोष्टी स्वस्त केल्या. अफगाणिस्तान, म्यानमारकडून जीव घेऊन पळणारा माणूस त्याच रांगेत आपल्या पोरामागे उभा असतो.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. हरियाणा, गुजरात, पंजाबचे जास्त, आणि आपल्या महाराष्ट्राचे तिघे. वाटेत हाता-पायांत बेड्या होत्या. त्यातल्या अनेकांनी वार्ताहरांना सांगितले की एजंटाला चाळीस-पन्नास लाख दिले, कुणी जमीन विकून, कुणी व्याजाने काढून. माणूस परत आला. वावर परत येत नाही, त्याची खरेदी रजिस्टर झालेली असते.

आणि आता सगळ्यात चांगले घडले असे धरू. अर्ज मंजूर झाला, आसरा मिळाला. मग मायदेशी माझ्या जिवाला धोका आहे असे ज्याने शपथेवर सांगितले, तो दिवाळीला घरी कसा येणार? आला तर, तुला धोका नव्हताच म्हणून आसरा काढून घेता येतो. ताई, उद्या घरात काही बरे-वाईट झाले, बापाला खांदा द्यायची वेळ आली, तर पोराला तिथून निघता येणार नाही. गोठणगावची माणसे तिबेटला जाऊ शकत नाहीत, ती त्यांच्यावर आलेली वेळ आहे. आपण ती पंचेचाळीस लाखांना विकत घ्यायची का, एवढे घरात सगळ्यांनी मिळून बोला, आणि मुलाला समोर बसवून बोला. त्याला नालायक ठरवू नका. गावात राहून काय करू, हा त्याचा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला पटेल असे उत्तर आपल्या पिढीने अजून दिलेले नाही.

परदेशी जाणे वाईट असे मी म्हणत नाही. रीतसर जावे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांची यादी पाहता येते, गावातला कुठलाही शिकलेला मुलगा मोबाईलवर दाखवील. त्याच्याकडून किती फी घेता येते त्यालाही सरकारने मर्यादा घातली आहे, ती लाखांच्या घरात जात नाही. तेव्हा एजंटाला नोंदणी क्रमांक लेखी मागा. कामाचा करार कुठल्या कंपनीशी आहे ते मागा. व्हिसा कसला आहे, कामाचा की पर्यटनाचा, ते पासपोर्टावर वाचून घ्या. पैसे रोखीने देऊ नका, पावती घ्या, आणि मुलाचा मूळ पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवू नका. आसरा मागायचा आहे, असे तोंडातून काढणारा एजंट नोकरी लावणारा नसतो, एवढी खूण पुरे.

आणि विसार दिला-घेतला असेल तर ताई, ते चार एकर कुणाला, किती पैशांत, कुठल्या अटींवर बोलले आहे, ते घेऊन बुधवारी पंचायत समितीत या. येताना विसाराची चिठ्ठी आणि सातबारा, दोन्ही आणा. मुलालाही आणा.